नदीकाठच्या गावात घरसामान हलवताना भाडे आधी कसे ठरवावे

वैनगंगेकाठच्या गावांत छोटा हत्ती किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली सहज मिळते, पण सामान दारापर्यंत पोचल्यावर भरणे-उतरवणे कोणाकडे, यावरून वाद होतो. आमच्याकडे तर पांदण रस्त्याच्या तोंडाशीच गाडी थांबली आणि आलमारी दोनशे पावले खांद्यावर न्यावी लागली. त्याचे वेगळे पैसे मोजावे लागले.

१. गाडीवाल्याला दोन्ही घरांच्या दारासमोरच्या रस्त्याचे आणि आलमारी, दिवाण, धान्याच्या कोठ्या अशा जड वस्तूंचे फोटो आदल्या दिवशी पाठवावेत.

२. भाडे 'खेपेचे, हमालीसह, दारापासून दारापर्यंत' असे बोलून घ्यावे आणि तेच वाक्य त्याला मोबाइलवर लिहून पाठवावे.

३. उतरवण्यासाठी माणसे नव्या गावातलीच घ्यायला गाडीवाल्याला सांगावे. त्यांना गल्लीबोळ ठाऊक असतात आणि त्यांच्या येण्या-जाण्याचा खर्च वाचतो.

४. निम्मी रक्कम सामान मोजून उतरल्यावरच द्यावी.

धानाच्या कापणीत ट्रॅक्टर मिळणे कठीण, म्हणून तेव्हा आठवडाभर आधी सांगून ठेवावे.

पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल, तर गाडीवाला कितीही खात्री देवो, भरलेली गाडी पाण्यात घालू देऊ नये.