गोव्यात दवाखाना चालवायचा तर काउंटरची बाजू आधी भक्कम करा

पुण्याहून, कोल्हापूरहून इथे येणारी डॉक्टर जोडपी पहिल्यांदा जागेबद्दल विचारतात. म्हापसा बरं की मडगाव? जागा मिळते. वेळ लागतो तो कागदांना, म्हणून सुरुवात तिथून करा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं ना-हरकत पत्र काढून गोवा मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करा आणि तिच्यामागोमाग दवाखान्याची. गोव्याचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा वेगळा आहे, 2019चा. भाडेकरारावर सही करण्याआधी त्या जागेत दवाखान्याला परवानगी मिळेल का, हे पंचायतीत किंवा पालिकेत जाऊन विचारा. घरमालक ‘होईल हो’ म्हणाला म्हणून फर्निचरची ऑर्डर देऊ नका. सोनोग्राफी मशीन घेणार असाल, तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालची नोंदणी हातात आल्याशिवाय ते विकतही घेऊ नका.

डॉक्टरांनी तपासावं, बाकीचं आपोआप होईल, या समजुतीने चांगले दवाखाने अडचणीत येतात. जोडीदार असो वा पगारी मॅनेजर, कागदांची जबाबदारी एकाच नावावर हवी. काउंटरवर मात्र इथलीच, कोंकणी बोलणारी मुलगी ठेवा. मराठी इथे बहुतेकांना कळते, पण दुखणं माणूस आपल्या बोलीतच सांगतो.

तिला सगळ्यात जास्त शिकवायचं ते नाव लिहायला. एकेका गावात नाईक, गावकर, फर्नांडिस इतके, की नाव-आडनावावरून केसपेपर शोधाल तर चुकीच्या माणसाची औषधं चुकीच्या माणसाला जातील. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, वाडा, जन्मतारीख आणि मोबाइल एवढं प्रत्येक केसपेपरवर हवंच. त्यात पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग अजून चालू आहे. कामत कुठे ‘कामोतिम’ असतात. आधारवर एक, विमा कार्डावर दुसरं, पावतीवर तिसरं झालं की क्लेम अडकतो आणि म्हातारं माणूस हेलपाटे घालत बसतं. म्हणून नाव कानाने ऐकून लिहायचं नाही, कार्ड समोर ठेवून अक्षर-अक्षर उतरवायचं.

पावतीही तशीच. अनेक घरांतली मुलं आखातात, इंग्लंडला किंवा जहाजावर. आईवडिलांच्या उपचाराचे पैसे तीच पाठवतात. तारीख, तपशील आणि पेशंटचं नाव असलेली पावती न मागता द्या. परदेशी पाहुण्यांच्या प्रवासविम्यालाही हेच लागतं. बोटीवर जाणारी मुलं फिटनेस सर्टिफिकेट मागायला येतील. ते फक्त डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांनीच द्यायचं असतं, तेव्हा तुमच्याकडे मान्यता नसेल तर सरळ नाही म्हणा.

पेशंटने नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्याव्या लागतात, आणि दाखल केलेल्या पेशंटच्या नोंदी निदान 3 वर्षं जपाव्या लागतात. बिनखाटांच्या दवाखान्यानेही तीच शिस्त पाळावी, असं माझं मत.

कचऱ्याचं काम मावशींवर सोपवून मोकळं होऊ नका. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्या आणि कुंडईच्या सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार करा. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सुईविना सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. कचरा 48 तासांहून जास्त साठवायचा नाही. मागच्या वर्षाचा कचऱ्याचा अहवाल मंडळाकडे 30 जूनपर्यंत जायला हवा. तारीख भिंतीवर लावा. सुई टोचते ती झाडणाऱ्या बाईला, म्हणून मी या बाबतीत कुणाचंही ऐकून घेत नाही.

कराचं सीए बघतील. एवढं लक्षात असू द्या, की उपचारांना जीएसटी नाही, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रक्रियांना आहे. किनारपट्टीवर त्वचेचं क्लिनिक काढणाऱ्यांनी दोन्हींचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्यविमा योजनेच्या कार्डाबद्दल रोज कुणीतरी विचारेल. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्याला चार लाखांचं संरक्षण, आणि ते गोव्यात निदान 5 वर्षं राहिलेल्यांना. कार्ड कोणत्या इस्पितळात चालतं याची ताजी यादी काउंटरवर ठेवा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दवाखाना किती दिवस बंद आणि त्या काळात कुणाकडे जायचं, हेही आठवडाभर आधी दारावर लावा.