पाच बायका, त्यांचे नवरे, त्यांच्या मुली: 'टी'चं मराठी अभिवाचन बसवताना

व्हेलिना हासू ह्यूस्टन यांची आई जपानी, वडील आफ्रिकन-अमेरिकन आणि मूळनिवासी अमेरिकन वंशाचे. त्यांच्या 'टी' (१९८७) या नाटकात अमेरिकी सैनिकांशी लग्न करून कॅन्ससमधल्या जंक्शन सिटीत आलेल्या पाच जपानी बायका आहेत. हिमिकोने आत्महत्या केली आहे आणि बाकीच्या चौघी तिच्या घरी चहाला जमल्या आहेत; हिमिकोही आत्म्याच्या रूपात रंगमंचावर असते. नवरे आणि मुलीही याच पाच नट्या करतात. मुंबईतल्या छोट्या ग्रुपला हे सोयीचं वाटतं, पण नाटक फसतं तेही इथेच.

आधी परवानगी. अनुवादाचा हक्क लेखिकेचा असतो, त्यामुळे प्रवेश मोफत ठेवला तरी लेखी होकार हवाच. जाहीर प्रयोग असेल तर मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय हॉलची तारीख पक्की करू नका.

पहिल्या वाचनाला नटसंचासमोर दोन साल ठेवा. मिश्रवर्णीय विवाहांवरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरवली. नाटक घडतं १९६८ मध्ये. मग चहाला आलेल्या चौघींचे नवरे सांगा: सेत्सुकोचा कृष्णवर्णीय, तेरुकोचा गोरा टेक्सन, चिझुयेचा मेक्सिकन वंशाचा आणि आत्सुकोचा जपानी-अमेरिकन. आत्सुकोचा तोरा कुठून येतो ते मग वेगळं समजवावं लागत नाही. उतरंड आपल्या प्रेक्षकाला लगेच कळते. म्हणूनच जातीचे इशारे वरून घालू नका.

आता बोली. या बायकांची परक्या देशातली तोडकी इंग्रजी दाखवायला 'मी गेला', 'ती आला' असं लिहिण्याचा मोह होतो. तो टाळा. आपल्या विनोदी नाटकांनी अमराठी पात्राची अशीच टर उडवलेली आहे, त्यामुळे प्रेक्षक हसणार आणि हिमिकोचा मृत्यू तिथेच हलका होणार. व्याकरण शाबूत ठेवा, वाक्यं तोडा. 'तिला बोलवायला हवं होतं असं मला वाटतं' याऐवजी 'तिला बोलवायचं. नाही बोलावलं.' मुली मात्र अमेरिकेत वाढलेल्या. त्यांना सलग, भरभर, इंग्रजी शब्द पेरलेलं मराठी द्या. आई आणि मुलीतलं अंतर तेवढ्यानेच ऐकू येतं.

नवरा करताना टोपी नको, घोगरा आवाज तर नकोच. पाठीचा कणा, नजरेची उंची आणि वाक्याचा वेग, एवढंच बदला. नवऱ्यांची वाक्यं निळ्या शाईने आणि मुलींची हिरव्या शाईने अधोरेखित करा, नाहीतर पान उलटताना पात्र निसटतं. एकांकिका स्पर्धांमध्ये घडलेल्या नट्या या जागा टाळीसाठी वाजवतात. त्यांना पहिले काही दिवस माईकशिवाय, हळू आवाजात वाचायला लावा.

बैठक वज्रासनासारखी, टाचा आणि मांड्यांच्या मध्ये पातळ उशी घेऊन. सवय नसेल तर थोड्याच वेळात पाय बधिर होतात, म्हणून तालमीच्या पहिल्या दिवसापासून असंच बसा. हिमिको इतरांपासून दूर, पण त्याच उंचीवर हवी.

चहा खराच ठेवा: जपानी हिरवा, दूध-साखर न घालता. आपल्या सवयीने उकळलात तर कडू होतो. पाणी ७०-८० अंशांवर उतरवून पानं मिनिटभर मुरू द्या. कान नसलेले कप थेट लाकडावर ठेवले की माईक तो आवाज पकडतो, म्हणून खाली जाड कापड अंथरा.