पिकाच्या राखणीला बंदूक घ्यायची तर कोणती?

हरभरा घाट्यावर आला की डुकरांचे कळप उतरतात आणि आखाड्यावर (शेतातल्या झोपडीवर) एकच विषय निघतो : रायफल घ्यावी का? आमचं स्पष्ट मत आहे, की मराठवाड्यात बहुतेक शेतकऱ्यांना रायफलीची गरज नाही. बारा बोअरची दुनळी (छर्रे झाडणारी दोन नळ्यांची बंदूक) पुरते, आणि ती आजूबाजूच्या माणसांसाठीही कमी धोक्याची.

आधी कायदा नीट समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. हौसेच्या शिकारीला त्यात जागा नाही. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला किंवा रोह्याला (नीलगाईला) मारायचं तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. शस्त्र परवाना हा वेगळा कागद आहे. तो खिशात आहे म्हणून जनावरावर गोळी झाडता येत नाही. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे गुन्हा फार मोठा. काळविटाची मादी तपकिरी असते आणि अंधारात रोह्याच्या पाडसासारखी दिसू शकते, म्हणून ओळख पटल्याशिवाय चापावर बोट नको. गौताळा, येडशी, नायगाव या अभयारण्यांच्या हद्दीत तर लेखी परवानगीशिवाय हत्यार नुसतं घेऊन जाणंही चालत नाही.

शस्त्र कायद्यातही पीकराखणीसाठी पहिला विचार ठासणीच्या बंदुकीचा आहे. ती पुरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे दुनळीसारखी, बंदूक मिळू शकते. त्यामुळे अर्ज करण्याआधीच प्रकार आणि बोअर पक्कं करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा चुकीची निवड महागात पडते.

आता रायफल का नको ते. .३१५ असो की .३०-०६, तिची गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. परभणी-नांदेडकडच्या सपाट शिवारात तीन किलोमीटरमध्ये काय काय येतं ते मोजा : दोन-तीन आखाडे, एखादी वस्ती, कापूस वेचणाऱ्या बाया, जागलीवरची माणसं. बारा बोअरचे एलजी (मोठ्या जनावरासाठीचे जाड) छर्रेही अर्धा किलोमीटर जातात, पण धोक्याचं क्षेत्र कितीतरी लहान होतं. बालाघाटाच्या उतारावर शेत असेल, समोर मातीचा उंच चढ असेल आणि लांबून मारण्याशिवाय इलाज नसेल, तर रायफलीचा विचार करता येईल. एरवी नाही.

माळ्यावर (मचाणावर) बसण्याचा फायदा आकड्यात बघा. जमिनीवर उभं राहून तीस मीटरवरच्या डुकरावर नेम धरला, तर खांदा दीड मीटर उंचीवर आणि डुकराची छाती अर्ध्या मीटरवर. गोळी चुकली की पंधरा मीटर पुढे, जवळजवळ आडवी, जमिनीला लागणार. अशी गोळी कडक ढेकळावरून किंवा दगडावरून उसळते. तीच बंदूक चार मीटर उंच माळ्यावरून झाडली, तर गोळी चार-पाच मीटरमध्येच मातीत जाते. बंदुकीइतकाच खर्च माळ्यावर झाला तरी करा.

एलजीचा छर्रा साधारण ९ मिलिमीटर जाडीचा. तीस मीटरपर्यंत तो डुकराला पुरतो. त्यापुढे छर्रे फाकतात आणि जनावर जखमी होऊन उसात शिरतं. उसातलं जखमी डुक्कर माणसाला फाडतं. रोही दोनशे किलोच्या वर भरतं, त्याला एलजी पुरत नाही. एक अखंड गोळी असलेलं काडतूस लागतं, तेही पन्नास मीटरच्या आत. मात्र नळीचं तोंड फार आवळलेलं असेल, तर अशी गोळी त्यातून झाडण्याआधी चांगल्या कारागिराला विचारा. तुमच्या बंदुकीचे छर्रे कसे फाकतात ते परवानगीच्या रेंजवर, तीस मीटरवर पुठ्ठा लावून बघा. एक वीत रुंदीत निम्म्याहून कमी छर्रे लागले, तर अंतर कमी करा.

जुनी दुनळी घेताना घाई नको. पुढचा लाकडी भाग काढा, नळी बंद करून दस्ता हातात धरून हलवा. खडखड ऐकू आली तर सांधा सैल आहे. रिकाम्या नळीतून मागच्या बाजूने उजेडाकडे बघा : आतल्या सावलीच्या कड्या गोल दिसल्या पाहिजेत, एखादी वाकडी दिसली तर तिथे पोचा आहे. नळीवर चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी कोरलेली असते. ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस घुसतं, म्हणूनच फसवतं : झाडल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. निजामाच्या काळापासून वाड्यात टिकलेल्या बंदुकीच्या नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली, तर तिच्यात आजचं काडतूस कधीच घालू नका.

डोळे मिटून दस्ता खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा मणी) सरळ डोळ्यासमोर यायला हवी. मान वाकवावी लागत असेल तर माप चुकलं, दुसरी बघा.

काडतुसं आणि बंदूक युरियाच्या पोत्यांजवळ ठेवू नका. युरियातून निघणारा अमोनिया पितळेला बारीक तडे पाडतो, आणि खताच्या धुळीने नळीही गंजते. काडतुसं वेगळ्या कुलपात, बंदूक वेगळ्या कुलपात. सुताच्या चिंधीवर थोडंसंच तेल घेऊन नळी पुसा. जास्त तेल घातलं की काळ्या मातीची धूळ चिकटते आणि चाप अडकतो.

आणि जागलीला जाण्यापूर्वी शेजारच्या आखाड्यांवर निरोप द्या. घोंगडी पांघरून ज्वारीत वाकलेला माणूस चांदण्यात डुकरासारखा दिसतो. बॅटरीच्या उजेडात पूर्ण जनावर दिसल्याशिवाय बंदूक बंद करू नका, मोडूनच, म्हणजे नळी सांध्यातून उघडी ठेवूनच, मांडीवर ठेवा.