माहेरचे आडनाव शोधताना

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या खेड्यात राहिलेल्या एखाद्या स्त्रीचा कुलवृत्तान्त शोधायचा म्हणजे मुख्यतः तिचे माहेर शोधायचे. लग्नानंतर आडनाव बदले, जमीनजुमला बहुधा नवऱ्याच्या नावावर असे, आणि 1850पूर्वीच्या जनगणनेत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहून बाकीची माणसे वयोगटानुसार नुसती मोजली जात.

म्हणून मृत्यूपासून सुरुवात करून मागे जावे. ती विसाव्या शतकात वारली असल्यास मृत्युदाखल्यावर तिच्या आईवडिलांची नावे मिळण्याचा संभव असतो; मात्र ती मुलाने किंवा जावयाने सांगितलेली असू शकतात, हे ध्यानात ठेवावे. 1900च्या जनगणनेत विवाहाला झालेली वर्षे, झालेली अपत्ये व हयात अपत्ये असे रकाने आहेत. ‘झालेली 9, हयात 5’ एवढ्या दोन आकड्यांवरून चार थडगी शोधायची आहेत हे कळते. 1890ची जनगणना 1921च्या आगीनंतर जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली, त्यामुळे थेट 1880वर जावे. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते तेथे प्रथमच नोंदलेले आढळते.

त्याआधीच्या नोंदींत नाते लिहिलेले नसते. घरात वेगळ्या आडनावाचा 65 वर्षांचा म्हातारा दिसला, तर तो तिचा बाप असेल किंवा शेतावरचा गडीही असेल. अशा वेळी शेजार वाचावा, आणि माझ्या मते खरे काम येथेच होते. प्रगणक घरोघर फिरत असल्याने त्या पानावरची घरे बहुधा एकमेकांजवळची असत, आणि सोयरिकीही पुष्कळदा जवळपासच जुळत. म्हणून वरची दहा-बारा व खालची तितकीच घरे उतरवून घ्यावीत.

ती आडनावे घेऊन काउंटीच्या (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या) न्यायालयातील दप्तर पाहावे. दक्षिणेकडील राज्यांत नवरा मुलगा विवाहाचा जामीनकरार, म्हणजे या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही अशी हमी, लिहून देई, आणि त्यावर जामीन म्हणून अनेकदा वधूचा बाप किंवा भाऊ सही करी. बापाच्या मृत्युपत्रात विवाहित मुलगी सासरच्या आडनावाने येते. अमेरिकेच्या यादवी युद्धातील (1861–65) सैनिकाच्या विधवेने निवृत्तिवेतन मागितले असेल, तर विवाहाचा पुरावा म्हणून कौटुंबिक बायबलातील फाडलेले पानसुद्धा त्या फायलीत सापडू शकते.

आपल्याकडे सासरी नाव बदलण्याची रीत होती. तिकडे पहिले नाव टिके, पण मेरीची पॉली, साराची सॅली आणि मार्थाची पॅट्सी होई, तेव्हा दोन्ही रूपांनी शोधावे. गुलामगिरीत जगलेल्या स्त्रीसाठी मात्र हा मार्ग 1870पाशी अडतो, कारण 1850 व 1860च्या गुलामांच्या याद्यांत बहुतेक ठिकाणी मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग व वर्ण लिहिलेले आहे. तिच्यासाठी मालकाच्या घराण्याची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात.