आईच्या प्रतीतून डिस्टोपियन कादंबऱ्या कशा वाचाव्यात

गेलेल्या आईची आठवण जागवायला डिस्टोपियन, म्हणजे भयाण काल्पनिक समाजाच्या, कादंबऱ्या वाचा म्हटलं की लोक बिचकतात. जुलमी राजवटी, मरणाच्या स्पर्धा, त्यात अडकलेली सोळा वर्षांची पोरं! पण माझी आई निवृत्तीनंतर ह्याच कादंबऱ्या झपाटल्यासारखी वाचायची, आणि ती गेल्यावर मला तिच्याशी पुन्हा बोलता आलं ते ह्यांच्यामुळेच. तुमच्या घरी असा वाचणारा जीव होऊन गेला असेल, तर मी काय केलं ते सांगते.

नवी प्रत विकत घेऊ नका, तिचीच वाचा. दुमडलेले कोपरे सरळ करू नका. माझ्या आईच्या पुस्तकांत खूण म्हणून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा असायचा. तसलं काही सापडलं तर कचरा समजून फेकू नका. आधी पुस्तक नुसतं चाळून पेन्सिलीच्या खुणा पानाच्या क्रमांकासह वहीत उतरवा. ती ई-बुक वाचत असेल तर तिचं खातं बंद करण्याआधी हायलाइट आणि टिपणं काढून घ्या. हे काम खरंच लांबणीवर टाकू नका.

सुरुवात लोइस लाऊरी यांच्या ‘द गिव्हर’पासून (१९९३) करा. पुस्तक लहान आहे आणि थेट आठवणींविषयीच आहे. तिथल्या समाजाने दुःख नको म्हणून भूतकाळ एकाच माणसाच्या डोक्यात ठेवून दिलेला असतो. गोष्टीचा नायक जोनस, त्याला त्या माणसाकडून मिळणारी पहिली आठवण म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी: गार हवा, उतार, वेग. इथे थांबा आणि आईची एक आठवण तशीच लिहा, अंगाला जाणवेल अशी. ‘आई फार प्रेमळ होती’ हे वाक्य वहीत नको. मी लिहिलं: चष्मा कपाळावर सरकवलेला, पुस्तक नाकाशी धरलेलं, हाक मारली की वर न बघता “थांब गं, एवढं पान संपू दे.”

मग सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) घ्या. नायिका कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात जातात, आई खचून अंथरुणाला खिळते आणि घर अकरा वर्षांच्या मुलीवर येऊन पडतं. कॅटनिसचा आईवर राग आहे. पहिल्या वाचनात माझाही होता. आईने मात्र त्या मजकुराशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हिला कोणी विचारलं का?’ पोरांच्या बंडाची गोष्ट ती आयांच्या बाजूने वाचत होती! अशी टीप भेटली की तिला उत्तर द्या, भांडा हवं तर. फक्त तिच्या पानावर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी तिथेच ठेवा.

ह्या मालिकेतल्या ‘मॉकिंगजे’च्या (२०१०) शेवटाकडे तर आयती कृतीच दिली आहे. (कादंबरी वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) कॅटनिस आणि तिचा साथीदार पीटा गेलेल्या माणसांचं एक पुस्तक तयार करतात: आधी चित्र किंवा फोटो, खाली त्या माणसाचे विसरू नयेत असे बारीकसारीक तपशील. तुम्हीही करा. मावशीला, मामाला फोन लावा, पण ‘आईच्या आठवणी सांग’ म्हणू नका, त्यावर सगळे तेच ते बोलतात. ‘चिडली की काय म्हणायची?’, ‘लहानपणी कशाला घाबरायची?’ असं नेमकं विचारा.

व्हेरोनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ (२०११) दुःख ताजं असताना वाचू नका. त्यात नायिकेची आई डोळ्यांदेखत जाते. मी ते प्रकरण मुद्दाम दिवसाउजेडी, घरात माणसं असताना वाचलं. तिसऱ्या भागात, ‘अलीजंट’मध्ये (२०१३), तिच्या हाती आईची डायरी लागते आणि आई होण्याआधीची बाई तिला भेटते. तो भाग वाचाल तेव्हा आईच्या जुन्या मैत्रिणींना गाठा.

रडू आलं तर पुस्तक मिटून ठेवा, पळून जात नाही ते. आणि गोष्टीत रंगून तास-दोन तास आईची आठवणच आली नाही, तर मनाला लावून घेऊ नका. तीही अशीच रंगायची, तेव्हा आम्हाला विसरायची.

तिच्या माघारी आलेल्या पुस्तकांसाठी वहीत वेगळी पानं ठेवा. २०२५ मध्ये ‘द हंगर गेम्स’मधल्या कॅटनिसच्या मार्गदर्शकाच्या, हेमिचच्या, तरुणपणाची ‘सनराइज ऑन द रीपिंग’ आली. वाचताना आईने कुठे हरकत घेतली असती, ते मी समासात तिच्याच पेन्सिलीने लिहीत गेले. पहिली टीप हेमिचच्या आईबद्दल आहे.