प्रकल्प शेवटच्या आठवड्यात का अडतो? या चुका टाळा

सबमिशनला ४ दिवस उरलेले असतात आणि कुणीतरी लॅपटॉप घेऊन दारात उभं राहतं. "मॅडम, डेटा भरपूर गोळा झालाय. आता यातून निष्कर्ष काय काढू?" प्रश्नावली उघडली की दुखणं लगेच सापडतं. २४ प्रश्न विचारलेत, पण मूळ विषयाशी थेट संबंध जेमतेम दोन-तीन प्रश्नांचा. एवढ्या उशिरा मलमपट्टीच काय ती करता येते.

विषय ठरला, प्रश्न राहिला

'मोबाइलचा विद्यार्थ्यांवर परिणाम' हा नुसता विषय झाला. परिणाम कशावर? अभ्यासावर, डोळ्यांवर की झोपेवर? त्याऐवजी 'रात्री ११ नंतर मोबाइल पाहणाऱ्या आणि न पाहणाऱ्या अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या झोपेत किती फरक आहे?' असं विचारा. कुणाला गाठायचं, काय मोजायचं आणि तुलना कशाशी करायची, हे त्या एका वाक्यातच ठरून जातं. इथे मी मुद्दाम 'फरक' म्हटलंय. मोबाइलमुळे झोप उडते की झोप येत नाही म्हणून मुलं मोबाइल हातात घेतात, हे एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून सांगता येत नाही. व्हायवाला हमखास इथेच पकडतात.

तक्ता शेवटी काढणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रश्नावली लिहिण्याआधी कोऱ्या कागदावर अहवालातला तक्ता आखा, रिकामाच. वरच्या प्रश्नासाठी ओळी दोन: ११ नंतर मोबाइल पाहणारे आणि न पाहणारे. रकाने दोन: विद्यार्थ्यांची संख्या आणि झोपेचे सरासरी तास. आता प्रत्येक प्रश्नाला विचारा, तुझं उत्तर यातल्या कोणत्या घरात जाणार? घर नसलेला प्रश्न काढून टाका. २४ चे ९ होतात, आणि लोक फॉर्म पूर्ण भरतात.

उत्तर कसं येणार हेही आधीच ठरवा. एका विद्यार्थिनीने 'रोज किती वेळ मोबाइल वापरता?' असं विचारून खाली मोकळी चौकट ठेवली होती. उत्तरं आली: '२ तास', 'दोन-अडीच', '१२० मि.', 'खूप', 'आई ओरडेपर्यंत'. शेवटचं मला फार आवडलं, पण त्याची सरासरी कशी काढणार? ते सगळं निस्तरण्यात तिचे २ दिवस गेले. ५ जणांकडून फॉर्म आधी भरून घेतला असता तर हे अर्ध्या तासात लक्षात आलं असतं.

परवानगीचं काम शेवटावर ठेवू नका. वर्गात जाऊन माहिती घ्यायची तर संस्थेची परवानगी आणि मुलं अल्पवयीन असतील तर पालकांची संमती डेटा गोळा करण्याआधी हवी. मागाहून घेतलेल्या सहीला अर्थ नसतो.

'होईल की महिन्याभरात'

नाही होत. १९९४ साली ब्यूहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५.५. 'सगळंच बिघडलं तर?' असं विचारल्यावरचा अंदाजसुद्धा ४८.६ दिवसांचाच होता. म्हणून वेळापत्रक सबमिशनच्या तारखेपासून उलटं मांडा. छपाई आणि बाइंडिंगचे ३ दिवस, गाइडच्या वाचनाचा १ आठवडा आणि दुरुस्त्यांचा १ आठवडा आधी वजा करा. उरतील ते दिवस तुमचे.

एक्सेलवर आंधळा विश्वास

अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून ५ देशांच्या ओळी सुटल्या होत्या. २०१३ मध्ये ही चूक दाखवून दिली ती थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने, आणि तीही वर्गातल्या गृहपाठासाठी आकडेमोड पुन्हा करून पाहताना. तेव्हा मूळ डेटाची एक प्रत अलग ठेवा, तिला हात लावू नका. निदान एक सरासरी कॅल्क्युलेटरवर करून ताडून पाहा. फाइलच्या नावात 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' नको. सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस लिहा, फाइली आपोआप क्रमाने लागतात. एक प्रत गूगल ड्राइव्हवर हवीच. पेन ड्राइव्हच्या भरवशावर मी स्वतः एक अख्खं प्रकरण घालवलंय.

संदर्भांची नोंद ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. फुकट आहे.

तरीही अडलात तर

१०० जणांचं ठरवलं आणि उत्तरं ३७ आली? उरलेली घरी बसून भरू नका. अशी उत्तरं संशयास्पद एकसारखी असतात आणि ओळखू येतात. ३७ च आले हे स्पष्ट लिहा, का कमी आले तेही लिहा. मात्र '७३ टक्के विद्यार्थी म्हणतात' असं ठोकून देऊ नका. '३७ पैकी २७' लिहा.

गाइड उत्तर देत नाहीत ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतेय. पुष्कळदा मेलच तसा असतो: 'सर, फाइल जोडली आहे, कृपया बघावी.' ६० पानांत नेमकं काय बघायचं? त्याऐवजी लिहा, 'सर, तक्ता ३ मध्ये फॉर्म अर्धवट भरलेले ६ जण ठेवू की वगळू? माझ्या मते वगळावेत, कारण त्यांनी झोपेचे तास लिहिलेलेच नाहीत.' याला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि ते बहुधा त्याच दिवशी येतं.