आधी सड कोरडा, मग धार

माझ्या एका गाईचा मागचा डावा सड कासदाहाने, म्हणजे जंतू शिरून कासेला येणाऱ्या सुजेने, कायमचा गेला. चूक माझीच होती. धारेला बसण्याआधी मी तिच्या सगळ्या कासेवर पाणी ओतायचो आणि तशाच ओल्या सडांनी धार काढायचो. वरची घाण पाण्याबरोबर ओघळून सडाच्या टोकाशी येते, तिथल्या छिद्रातून जंतू आत शिरतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता पाणी फक्त सडांपुरतं. कास शेणाने माखली असेल तरच ती धुतो. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. मग प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या वाटीत घेतो. काळ्यावर दुधातल्या गाठी, पाणचटपणा, रक्ताची छटा लगेच दिसते. या धारा जमिनीवर किंवा तळहातावर सोडू नका. दूध बाधित असेल तर त्यातले जंतू तिथून पुढच्या सडाला लागतात. नंतर सड पुसायचे. प्रत्येक जनावराला वेगळं, स्वच्छ फडकं. सडाचं टोक खास जपून पुसा आणि फडक्यावर डाग उमटला तर पुन्हा पुसा.

या पुसण्यानेच गाय पान्हा सोडते, साधारण एक-दीड मिनिटात. म्हशीला जास्त वेळ लागतो, तिला तो द्या. आरडाओरडा आणि काठी गोठ्याबाहेर. घाबरलेलं जनावर पान्हा चोरतं. पान्हा आला की सलग पाच-सात मिनिटांत धार संपवा, तीही पूर्ण मुठीने. अंगठा दुमडून काढलं की सडाला आतून इजा होते. हात दुधात बुडवून ओला करायची सवय असेल तर ती आजच सोडा.

शेवटची धार निघाली की लगेच चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. द्रावण सडांसाठीच बनवलेलं हवं. सडाचं तोंड धारेनंतर किमान अर्धा तास उघडं असतं, म्हणून मी ताजी वैरण तेव्हाच टाकतो. गाय खात उभी राहते, शेणात बसत नाही.

बाधित गाईची धार सगळ्यांत शेवटी, वेगळ्या भांड्यात. तिचं दूध औषध संपल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत विक्रीच्या दुधात जात नाही. बाकीचं दूध गाळून ताबडतोब ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करा, आणि आधीच्या धारेच्या गार दुधात कोमट दूध ओतू नका.